पार्क, जे

पार्क, जे : (२५ एप्रिल १९८७ – ). कोरियन वंशाचा अमेरिकी गायक, रॅपर, नर्तक आणि संगीत-व्यावसायिक. कोरियन नाव पार्क जे-बम. ‘टूपीएम’ या सात तरुणांच्या गटाचा म्होरक्या म्हणून तो २००८ मध्ये सेऊलमध्ये लोकांसमोर आला. वर्षभरातच, त्याने पूर्वी इंटरनेटवर लिहिलेल्या काही ओळींवरून गहजब झाला आणि त्याला गट सोडून अमेरिकेला परतावे लागले. के-पॉपमधून (कोरियन लोकप्रिय संगीताच्या व्यवसायातून) असा गेलेला माणूस सहसा पुन्हा उभा राहत नाही. पार्क परत आला आणि २०१३ ते २०२२ या काळात त्याने तीन संगीत कंपन्या उभ्या केल्या. त्याच्या गाण्यांइतकेच हे पुनरागमन अभ्यासण्याजोगे आहे, कारण परदेशात वाढलेल्या कोरियन कलावंताला कोरिया कसे वागवतो हे त्यातून नीट दिसते.

पार्कचा जन्म अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एडमंड्स या गावी झाला. प्युजेट साउंड या खाडीच्या काठावरचे हे गाव सिअ‍ॅटलच्या उत्तरेस, जवळच आहे. स्थलांतराचे नियम १९६५ मध्ये सैल झाल्यावर कोरियन कुटुंबे मोठ्या संख्येने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आली, आणि त्यांच्या पुढच्या पिढीतली मुले इंग्रजी बोलत, हिपहॉप ऐकत वाढली. पार्क त्यांपैकीच एक. त्याची कोरियन भाषा कच्ची राहिली, पण नाच पक्का झाला. ब्रेकडान्स हे त्याचे पहिले प्रेम. ‘आर्ट ऑफ मूव्हमेंट’ (एओएम) या सिअ‍ॅटलच्या चमूत तो शाळकरी वयातच नाचू लागला. पुढे त्याची बहुतेक गाणी रचणारा संगीतकार चाचा मलोन हाही याच चमूतला. मुलाचा नाचाचा नाद पाहून आईनेच जेवायपी एंटरटेनमेंट या कोरियन कंपनीशी संपर्क साधला. २००४ च्या अखेरीस चाचणी झाली आणि जानेवारी २००५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो प्रशिक्षणार्थी म्हणून सेऊलला आला.

कोरियन कंपन्या अमेरिकेतली मुले का शोधत होत्या, हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. १९९० च्या दशकात कोरियात रॅप आणि आर अँड बी (‘रिदम अँड ब्लूज’ ही कृष्णवर्णीय अमेरिकनांची गायनशैली) यांची लाट आली, पण ते अंगात मुरलेले गायक देशात फारसे नव्हते. मग लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क या शहरांतील कोरियन मुलांकडे लक्ष वळले. परदेशस्थ कोरियनांना तिकडे ‘ग्योपो’ म्हणतात. ‘सॉलिड’ हा गट, ‘जीओडी’मधला जून पार्क, ‘वनटीवायएम’चा टेडी (पुढे ‘ब्लॅकपिंक’च्या गाजलेल्या गाण्यांचा निर्माता) हे सगळे त्याच वाटेने आले. या गायकांकडून कोरियन श्रोत्याला दोन परस्परविरोधी गोष्टी हव्या असत. त्यांनी अमेरिकन वाटावे आणि मनाने मात्र अस्सल कोरियन असावे. हा तोल ढळला की शिक्षा कठोर असे. तेरा वर्षांचा असताना अमेरिकेला गेलेला यू सुंग-जून १९९७ नंतर कोरियातला आघाडीचा तारा झाला. सक्तीची लष्करी सेवा करीन असे जाहीर सांगून २००२ मध्ये त्याने अमेरिकी नागरिकत्व घेतले, आणि सरकारने त्याला देशात पाऊल ठेवायलाच बंदी केली. सर्वोच्च न्यायालयात दोनदा निकाल बाजूने लागूनही त्यानंतर त्याला व्हिसा नाकारला गेला. पार्क जन्मानेच अमेरिकी असल्याने त्याच्यापुढे हा पेच नव्हता. त्याची परीक्षा दुसऱ्याच विषयात झाली.

प्रशिक्षण जवळपास चार वर्षे चालले. नृत्य, गायन आणि रॅप यांबरोबर पार्कला भाषाही शिकायची होती. २००८ मध्ये एका दूरचित्रवाणी मालिकेने जेवायपीच्या प्रशिक्षणार्थींची निवडप्रक्रिया दाखवली आणि त्यातून दोन गट निघाले. संथ, सुरेल गाण्यांचा ‘टूएएम’ आणि उड्या-कोलांट्यांनी मंच दणाणून सोडणारा ‘टूपीएम’. टूपीएममध्ये पार्क एकटाच परदेशातून आलेला नव्हता. निचखुन हा कॅलिफोर्नियात जन्मलेला थाई वंशाचा तरुण होता, तर ओक टेक-यॉनचे किशोरवय मॅसॅच्युसेट्समध्ये गेले होते. कोरियात त्या काळी ‘फुलासारखी’ नाजूक दिसणारी मुले लोकप्रिय होती. टूपीएमने त्याउलट पीळदार, रांगडी प्रतिमा आणली आणि वृत्तपत्रांनी त्यांना ‘पशू-आयडॉल’ हे नाव बहाल केले (कंपनीने निवडून, शिकवून घडवलेल्या तरुण गायक-नर्तकाला तिकडे ‘आयडॉल’ म्हणतात). २००९ मधील ‘अगेन अँड अगेन’ या गाण्याने गट अव्वल ठरला. म्होरक्या पार्क होता, आणि जोखीम अंगावर घेऊन केलेल्या कसरती बहुतेक त्याच्याच.

सप्टेंबर २००९ मधील प्रकरण अवघ्या चार-पाच दिवसांत घडले आणि संपले. मायस्पेस या तेव्हाच्या लोकप्रिय संकेतस्थळावर पार्कने प्रशिक्षणाच्या काळात एका मित्राला लिहिलेले जुने संदेश कुणीतरी शोधून काढले. कोरियाचा वैताग आलाय, इथली माणसे आवडत नाहीत, घरी जावेसे वाटते, अशा अर्थाचा तो मजकूर होता. लिहिणारा अठरा-एकोणीस वर्षांचा, भाषा न येणारा, घरापासून हजारो मैल दूर राहणारा मुलगा होता, आणि त्याची इंग्रजी अमेरिकी शाळकरी पोरांची शिवराळ इंग्रजी होती. कोरियन वृत्तपत्रांत ती शब्दशः उतरली तेव्हा तिचा टवाळ सूर गळून पडला आणि उरला तो देशाचा अपमान. पार्कने माफी मागितली आणि लिहिताना आपण परिस्थितीवर चिडलो होतो असे सांगितले. उपयोग झाला नाही. ८ सप्टेंबरला त्याने गट सोडत असल्याचे जाहीर केले आणि त्याच दिवशी इंचॉन विमानतळावरून तो सिअ‍ॅटलला निघाला.

याच सुमारास त्याची कंपनी ‘वंडर गर्ल्स’ या आपल्या मुलींच्या गटाला अमेरिकेत रुजवण्याच्या मोहिमेवर होती. ऑक्टोबर २००९ मध्ये त्यांचे ‘नोबडी’ हे गाणे बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या शंभर लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ७६ व्या क्रमांकावर पोचले. कोरियन कलावंतांनी त्या यादीत प्रथमच स्थान मिळवले म्हणून देशभर कौतुक झाले. अमेरिकेने आपल्याला आपलेसे करावे ही आस आणि अमेरिकेत वाढलेल्या मुलाला चार दिवसांत बाहेर काढण्याची घाई, या दोन्ही गोष्टी एकाच महिन्याभरातल्या आहेत.

पार्क गेल्यावर वाऱ्याची दिशा बदलली. जेवायपीच्या कार्यालयाबाहेर चाहत्यांनी मूक निदर्शने केली आणि भिंती चिठ्ठ्यांनी भरून टाकल्या. उरलेले सहा जण त्याची जागा रिकामी ठेवून आहेत, असा समज पसरला. पण २५ फेब्रुवारी २०१० रोजी कंपनीने पार्कशी असलेला करार कायमचा संपवला. कारण त्याच्या खाजगी आयुष्याशी संबंधित असल्याचे सांगितले, तपशील मात्र दिला नाही. त्यानंतर झालेल्या बैठकीत इतर सदस्यांनी कंपनीच्या निर्णयाची पाठराखण केल्यावर चाहत्यांचा राग त्यांच्यावर उलटला. या रागालाही तितकाच विवेक होता जितका आधीच्या रागाला होता.

मार्च २०१० मध्ये पार्कने यूट्यूबवर एक साधे चलचित्र टाकले. अमेरिकी रॅपर बी.ओ.बी. याचे ‘नथिंग ऑन यू’ हे गाणे त्याने कॅमेऱ्यासमोर बसून स्वतःच्या ओळी घालून म्हटले होते. एका दिवसात ते वीस लाखांहून अधिक वेळा पाहिले गेले. के-पॉपमध्ये तोवर गायकाचा आवाज कंपनी आणि दूरचित्रवाणी यांच्यामार्फतच लोकांपर्यंत जाई. ज्या इंटरनेटने पार्कला घालवले त्यानेच त्याला या दोघांना वळसा घालण्याची वाटही दिली. जूनमध्ये तो एका चित्रपटाच्या कामासाठी कोरियात परतला, जुलैत सिडसएचक्यू या संस्थेशी त्याने करार केला आणि त्याच गाण्याची कोरियन आवृत्ती असलेली पहिली एकल तबकडी आली.

‘टेक अ डीपर लुक’ (२०११) आणि ‘न्यू ब्रीड’ (२०१२) या पुढच्या कामांत त्याचा आवाज अजून चाचपडताना ऐकू येतो. आयडॉल म्हणून घडलेला नर्तक आणि हिपहॉपमध्ये मान मिळवू पाहणारा रॅपर यांची ओढाताण त्यात आहे. कोरियन रॅपच्या वर्तुळात आयडॉलकडे तुच्छतेने पाहिले जाई. गाणी दुसऱ्याने लिहिलेली, चेहरा कंपनीने घडवलेला, असा तो आक्षेप. पार्कने त्याला कामाच्या रेट्याने उत्तर दिले. स्वतः लिहिणे, सतत नवे गाणे काढणे आणि नवख्यांच्या गाण्यांत विनामिजास हजेरी लावणे. ‘एसएनएल कोरिया’ या विनोदी कार्यक्रमात स्वतःचीच टर उडवल्याचाही त्याला फायदा झाला. ज्याची बदनामी झाली तोच तिच्यावर हसू लागला की तिची धार जाते.

२०१३ मध्ये त्याने एओएमजी ही कंपनी काढली. नाव सिअ‍ॅटलच्या जुन्या चमूवरून आले. पुढच्या वर्षी सायमन डॉमिनिक हा मुरलेला रॅपर सहप्रमुख म्हणून आला, ग्रे आणि लोको सोबत होतेच. मोठ्या कंपन्यांत कलावंताचे वेळापत्रक, खाणेपिणे, प्रेमप्रकरणे यांवरही देखरेख असते. एओएमजीने ते टाळले आणि कलावंताला गाणे कधी व कसे काढायचे याची मोकळीक दिली. ‘शो मी द मनी’ या रॅपच्या दूरचित्रवाणी स्पर्धेमुळे कोरियन हिपहॉप घराघरांत पोचत होते, त्याच काळात ही कंपनी त्याचे एक मुख्य केंद्र बनली. पार्कची सर्वांत भरीव निर्मितीही याच वर्षांतली आहे. ‘वर्ल्डवाइड’ (२०१५) हा रॅपचा संग्रह, तर ‘एव्हरीथिंग यू वॉन्टेड’ (२०१६) हा मऊ, रसिक आर अँड बीचा. २०१७ च्या कोरियन म्युझिक अवॉर्ड्समध्ये त्याला वर्षातील सर्वोत्तम संगीतकाराचा सन्मान मिळाला. हा पुरस्कार खपावर न देता समीक्षकांच्या मतावर दिला जातो, म्हणून आयडॉल गटातून आलेल्याला तो मिळणे लक्षणीय होते.

त्याच वर्षी चाचा मलोनबरोबर त्याने ‘हायर म्युझिक’ ही दुसरी कंपनी सुरू केली. सेऊल आणि सिअ‍ॅटल या दोन्ही शहरांतील कलावंत तिच्यात होते. जुलै २०१७ मध्ये अमेरिकी रॅपर जे-झीच्या ‘रॉक नेशन’ या कंपनीशी त्याचा करार झाला. मात्र ‘आस्क बाउट मी’ (२०१८) ही इंग्रजी तबकडी अमेरिकेत फारसा ठसा उमटवू शकली नाही. अमेरिकेत वाढल्यामुळे अमेरिकी बाजार सोपा जातोच असे नाही, हे त्यातून दिसले. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या कलेतून आणि पेहरावातून त्याने केलेल्या उसनवारीवर, विशेषतः जटांच्या केशरचनेवर, टीकाही झाली आणि ती गैरलागू नव्हती.

२०२१ च्या अखेरीस पार्कने दोन्ही कंपन्यांचे प्रमुखपद सोडले. लोक निवृत्तीची चर्चा करत असताना फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याने मद्य बाजारात आणले. ‘वॉन सोजू’. कोरियात सर्वत्र मिळणारी हिरव्या बाटलीतली सोजू मद्यार्कात पाणी मिसळून बनते. पार्कची सोजू वॉन्जू भागातील तांदळापासून ऊर्ध्वपातनाने काढलेली आणि मातीच्या रांजणांत मुरवलेली होती. पहिल्या विक्रीला सेऊलच्या एका मोठ्या दुकानासमोर रांगा लागल्या. स्थानिक धान्याच्या निकषामुळे तिला पारंपरिक मद्याचा दर्जा आणि त्यासोबत ऑनलाइन विक्रीची मुभा मिळाली. अमेरिकेत वाढलेल्या गायकाची कालपरवाची सोजू पारंपरिक कशी, असा वाद त्यावरून रंगला, आणि कायद्याची व्याख्याच पुन्हा तपासावी अशी मागणी झाली.

मार्च २०२२ मध्ये ‘मोअर व्हिजन’ ही तिसरी कंपनी निघाली. तिचे पहिले गाणे ‘गानादारा’ होते. शीर्षक म्हणजे कोरियन ‘कखगघ’. सोबत लोकप्रिय गायिका आययू. २००५ मध्ये ज्याला कोरियन धड येत नव्हते त्याने पस्तिशीला टेकताना बाराखडीवर प्रेमगीत करावे, यातला खट्याळपणा कोरियन श्रोत्यांना लगेच कळला. फेब्रुवारी २०२३ मध्ये केबीएस या सार्वजनिक वाहिनीने रात्रीच्या संगीत-गप्पांच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन त्याच्याकडे सोपवले. ‘द वन यू वॉन्टेड’ हा संग्रह २०२४ मध्ये आला.

मोअर व्हिजन काढतानाच आपल्याला आयडॉल गट घडवायचा आहे, असे पार्कने सांगितले होते. हिपहॉपच्या जुन्या चाहत्यांपैकी काहींना ही माघार वाटली. एका परीने ती आहेही. प्रशिक्षणार्थी निवडणे, त्यांना वर्षानुवर्षे तयार करणे आणि त्यांच्या पदार्पणाचा मुहूर्त ठरवणे ही कामे तो स्वतः आता करू लागला. त्यांतून चौघांचा ‘लाँगशॉट’ हा गट तयार झाला आणि जानेवारी २०२६ मध्ये त्याचे पदार्पण झाले.