नागपुरातील गणित पदवी अभ्यास

नागपूर आणि आसपासच्या पूर्व विदर्भात ‘मॅथ्स घेऊन बीएस्सी’ असे म्हटले जाते, त्या अभ्यासाची ही नोंद. २०२४-२५ च्या आधीच्या रचनेत बारावी विज्ञान झालेला विद्यार्थी गणिताच्या जोडीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र, संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स किंवा संख्याशास्त्र यांपैकी एखादा विषय घेत असे. भौतिक-रसायन-गणित हा ‘पीसीएम’ गट त्यांतला सर्वांत जुना आणि रुळलेला. पदवी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची असते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाला सध्याचे नाव २००५ मध्ये मिळाले. अमरावती (१९८३) आणि गोंडवाना (२०११) ही विद्यापीठे वेगळी झाल्यावर नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे त्याच्याकडे राहिले.

शहरातले उच्च शिक्षण मात्र विद्यापीठापेक्षा जुने आहे. हिस्लॉप महाविद्यालय १८८३ चे, मॉरिस महाविद्यालय १८८५ चे. तेव्हा इथल्या विद्यार्थ्यांना पदवी आधी कोलकाता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाची मिळे. १९०६ मध्ये निघालेले व्हिक्टोरिया विज्ञान महाविद्यालय हीच आजची शासकीय विज्ञान संस्था. पुढे धरमपेठ, काँग्रेसनगर, सक्करदरा, कामठी अशा ठिकाणी विज्ञान शाखा निघाल्या आणि गणित घराजवळ आले. तरीही गावाकडून सकाळच्या गाडीने किंवा एसटीने येऊन तास करणारे विद्यार्थी दर वर्गात असतातच.

बारावीपर्यंत गणित म्हणजे उत्तर काढणे. पदवीच्या वर्गात विधान आधीच दिलेले असते आणि ते खरे का, हे दाखवायचे असते. हा बदल पचायला वेळ लागतो. अनेक हुशार मुले पहिल्याच सत्रात गोंधळतात ती इथे. त्यांची बुद्धी कमी पडते असे नाही, आपल्याला काय विचारले आहे हेच त्यांना उमगत नाही. नागपुरी बोलीत ‘का’ला ‘काहून’ म्हणतात. फळ्यावर प्रमेय लिहिले गेले की मागच्या बाकावरून येणारा ‘काहून?’ हाच या अभ्यासाचा खरा प्रश्न आहे, आणि तो मोठ्याने विचारू देणारा शिक्षक मिळणे हे विद्यार्थ्याचे भाग्य.

एक उदाहरण पुरेसे आहे. १ + १/२ + १/३ + १/४ … ही श्रेढी घ्या. पदे शून्याकडे जातात, म्हणजे बेरीजही कुठेतरी स्थिरावेल असे मन सांगते. कॅल्क्युलेटरही तेच सुचवतो, कारण बेरीज ५ च्या पुढे जायला ८३ पदे लागतात आणि १० च्या पुढे जायला तब्बल १२,३६७. पण १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त होतात. १/५ ते १/८ ही चार पदे मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त, त्यापुढची आठ मिळून पुन्हा तसेच. असे अर्धे-अर्धे कितीही वेळा मिळत राहते, म्हणून बेरीज कोणतीही मर्यादा ओलांडते. चार ओळींची ही सिद्धता ज्याला एकदा स्वतःहून सुचली, त्याला पुढे गणित पाठ करावेसे वाटत नाही.

दुसरी अडचण भाषेची, आणि तिला नागपुरात इतिहास आहे. शहर मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी असताना, १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात, नागपूर विद्यापीठाने मराठी आणि हिंदी माध्यमातून शिकवण्याचा निर्णय घेतला होता. कोशकार डॉ. रघुवीर यांचे शास्त्रीय परिभाषा घडवण्याचे मोठे काम त्याच काळात याच शहरात चालले. त्यांचे संस्कृतनिष्ठ शब्द रोजच्या वापरात फारसे रुजले नाहीत. आज गणिताची पुस्तके, फळा आणि प्रश्नपत्रिका इंग्रजीत असतात, तर समजावणे मराठी-हिंदीच्या मिश्रणात चालते. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला यामुळे आपण मागे आहोत असे वाटते. तसे वाटण्याचे कारण नाही. नववीच्या भूमितीत त्याने ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ अशी मांडणी केलेली असते, आणि पदवीच्या प्रमेयांनाही नेमकी तीच शिस्त लागते.

सीमेची (लिमिटची) एप्सिलॉन-डेल्टा व्याख्या तर मराठीत बोलून पाहिली की लवकर उलगडते. एप्सिलॉन म्हणजे किमतीत किती फरक चालेल ते, आणि डेल्टा म्हणजे त्यासाठी बिंदूच्या किती जवळ राहायचे ते. ‘कोणताही एप्सिलॉन दे, त्याच्यापुरता डेल्टा मी शोधून देतो’ हे एक विधान. ‘माझा हा एकच डेल्टा, तू कोणताही एप्सिलॉन घे’ हे दुसरे. शब्द जवळपास तेच, क्रम उलटा. पण दुसरे विधान खरे असेल तर त्या बिंदूच्या लगतच्या परिसरात फलनाची (फंक्शनची) किंमत मुळी बदलतच नाही, त्या बिंदूपाशी काय होते ते सोडून. कोण आधी बोलतो आणि कोण नंतर, यावर सगळा अर्थ फिरतो. प्रस्तुत लेखकाच्या मते पहिल्या वर्षाचा निदान एक महिना अशा बोलण्यावर खर्च व्हावा.

सत्र पद्धतीतल्या जुन्या अभ्यासक्रमात सुरुवात बीजगणित, त्रिकोणमिती आणि कलनशास्त्राने होई. मग भूमिती, सदिश, अवकल समीकरणे, यांत्रिकी. विश्लेषण, मेट्रिक अवकाश आणि अमूर्त बीजगणिताचा मोठा भाग तिसऱ्या वर्षी येई, म्हणजे सिद्धतेची खरी गोडी लागायची तेव्हा पदवी संपत आलेली असे. तीन विषयांना सारखाच वेळ द्यावा लागत असल्याने हे घडत होते.

या अभ्यासक्रमाचे एक वेगळेपण आवर्जून सांगायला हवे. विशेष सापेक्षता सिद्धांत इथे पदवीच्या शेवटच्या वर्षी गणिताच्या पेपरात शिकवला गेला. अमरावती मार्गावरच्या महात्मा जोतिबा फुले शैक्षणिक परिसरातील पदव्युत्तर गणित विभागात सापेक्षतेवरील संशोधनाची दीर्घ परंपरा आहे, तिच्याशी हे सुसंगतच होते. एका निरीक्षकाची मापे त्याच्या सापेक्ष वेगात असलेल्या दुसऱ्याच्या मापांत बदलणारी लॉरेन्ट्झ रूपांतरणे एक गट (ग्रूप, म्हणजे एकापुढे एक करता येणाऱ्या आणि उलटवता येणाऱ्या क्रियांचा संच) बनवतात हे कळले की बीजगणिताच्या तासाला शिकलेली गटाची व्याख्या अचानक जिवंत होते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून रचना बदलली. आता एक मुख्य विषय निवडायचा असतो. तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२ श्रेयांक (क्रेडिट) लागतात, चार वर्षांच्या ऑनर्ससाठी १६० ते १७६. गणित मुख्य घेणाऱ्याला त्यामुळे गणितासाठी अधिक जागा मिळते, आणि हा बदल स्वागतार्ह आहे.

उन्हाळी परीक्षा हा नागपूरचा खास अनुभव. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून वाचन पहाटे उरकायचे आणि दुपारी कूलरसमोर जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायच्या असा बहुतेकांचा दिनक्रम असतो. राहिलेल्या विषयाला ‘बॅक’ म्हणतात. ठरावीक प्रमेये पाठ करून पास होता येते, पण त्यानंतरच्या ‘जॅम’ या प्रवेश परीक्षेत ते चालत नाही. आयआयटीतल्या एमएस्सीसाठी तीन तासांची, १०० गुणांची ही परीक्षा व्याख्या नीट समजल्या आहेत का तेच तपासते. नागपुरातच पुढे शिकायचे तर विद्यापीठाचा विभाग आणि विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था हे पर्याय आहेत. बरेच जण बीएड करून शिक्षक होतात, काही बँक आणि स्पर्धा परीक्षांकडे वळतात, काही डेटाच्या कामात जातात.

महाविद्यालयाबाहेरच्या दोन गोष्टी पूर्व विदर्भातल्या विद्यार्थ्यांपर्यंत फार कमी पोचतात, म्हणून इथे नोंदवायला हव्यात. पहिली, प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेले ‘एमटीटीएस’ (मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च) हे गणिताचे उन्हाळी शिबिर. तिथे शिक्षक व्याख्यान कमी देतात आणि विद्यार्थ्यांना प्रश्न विचारून त्यांच्याकडूनच सिद्धता काढून घेतात. दुसरी, पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीची माधव गणित स्पर्धा, जी केरळच्या माधव या जुन्या गणितज्ञाचे नाव लावते. पायची अनंत श्रेढी त्याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस मांडली: १ – १/३ + १/५ – १/७ … या बेरजेची चौपट. वर पाहिलेल्या श्रेढीची बेरीज कुठेच स्थिरावत नाही, हिची मात्र स्थिरावते. तिची पदे आळीपाळीने अधिक-वजा होत आणि लहान होत शून्याकडे जातात, म्हणून प्रत्येक पायरीला खरे उत्तर मागच्या दोन बेरजांच्या मध्ये सापडते.