मिला, रॉजर

(२० मे १९५२ – ). कॅमेरूनचा निवृत्त फुटबॉलपटू. जन्म राजधानी याउंडे येथे. १९९० च्या इटलीतील विश्वचषकात ३८ व्या वर्षी त्याने चार गोल केले आणि कॅमेरूनला उपांत्यपूर्व फेरीत पोचवले. त्यापूर्वी आफ्रिकेचा एकही संघ इतक्या पुढे गेला नव्हता. जगभर त्याचे नाव झाले ते या एका महिन्यामुळे. मात्र तोवर त्याच्या गाठीशी जवळपास वीस वर्षांचा खेळ होता, आणि त्याकडे दुर्लक्ष केले तर इटलीतला पराक्रम निव्वळ चमत्कार वाटू लागतो. तो चमत्कार नव्हता.

दुआला शहरातील एक्लेर आणि लेओपार या क्लबांतून तो घडला. पुढे याउंडेच्या टोनेर क्लबकडून खेळताना १९७५ मध्ये त्याने आफ्रिकी देशांतील चषकविजेत्या क्लबांची स्पर्धा जिंकली. १९७६ मध्ये तो आफ्रिकेचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सला गेला. व्हॅलेन्सियेन आणि मोनाको या क्लबांत त्याचा जम बसला नाही. बास्तिया या कॉर्सिका बेटावरील क्लबात मात्र तो खुलला. १९८१ च्या फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यात मिशेल प्लातिनीच्या सेंत-एतियेनविरुद्ध बास्तिया २–१ ने जिंकला, त्यातला एक गोल मिलाचा होता. त्यानंतर तो खुद्द सेंत-एतियेनकडून खेळला आणि शेवटी माँपेलियेकडून. माँपेलिये १९८७ मध्ये पहिल्या श्रेणीत परतला, त्यात त्याच्या गोलांचा वाटा होता. तिथेच कोलंबियाचा कर्णधार कार्लोस व्हाल्देरामा त्याचा सहकारी झाला.

राष्ट्रीय संघाकडून १९८२ च्या स्पेनमधील विश्वचषकात तो खेळला. पेरूविरुद्धचा त्याचा गोल ऑफसाइड ठरवून रद्द झाला. कॅमेरून तिन्ही सामने बरोबरीत सोडवून, एकही न हरता बाहेर पडला. त्याच गटातल्या इटलीचेही तिन्ही सामने बरोबरीतच सुटले होते, पण त्यांनी एक गोल जास्त केला होता. त्याच इटलीने पुढे विश्वचषक जिंकला! १९८४ आणि १९८८ मध्ये कॅमेरूनने आफ्रिकी राष्ट्रचषक पटकावला. यानंतर मिलाने आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडले आणि तो हिंदी महासागरातील रेयुनियाँ बेटावरच्या एका क्लबकडून खेळू लागला.

१९९० मध्ये त्याने परत यावे म्हणून स्वतः राष्ट्राध्यक्ष पॉल बिया यांनी गळ घातली. प्रशिक्षक व्हॅलेरी नेपोम्न्याशी यांनी त्याला सुरुवातीच्या अकरांत एकदाही घेतले नाही. प्रतिस्पर्धी बचावपटू दमले की त्याला मैदानात उतरवायचे, असा बेत होता. या वयात नव्वद मिनिटे धावणे अवघड, पण जागा ओळखण्याची नजर आणि चेंडूवरचा ताबा शाबूत होता. त्यामुळे हा बेत नेमका लागू पडला. मिलानच्या सान सिरो मैदानावर सलामीलाच गतविजेत्या अर्जेंटिनाला कॅमेरूनने १–० ने हरवले. तो गोल फ्रांस्वा ओमाम-बियिकचा होता. बारी येथे रुमानियाविरुद्ध बदली खेळाडू म्हणून आलेल्या मिलाने दहा मिनिटांत दोन गोल केले. गोल झाला की तो कॉर्नरच्या झेंड्यापाशी धावत जाई, एक हात पोटावर, दुसरा उंच, आणि कंबर हलवत नाचे. गोलनंतरच्या जल्लोषांत इतका ओळखीचा झालेला दुसरा नाच क्वचितच सापडेल.

कोलंबियाविरुद्धची बाद फेरी नेपल्सला झाली. गोलशून्य बरोबरीनंतर जादा वेळेत मिलाने एक गोल केला. मग गोलरक्षक रेने इगिता आपल्या सवयीप्रमाणे चेंडू घेऊन गोलपासून खूप पुढे आला आणि मिलाला चकवू पाहू लागला. मिलाने पाय घालून चेंडू काढून घेतला, रिकाम्या गोलकडे धाव घेतली आणि मागून घसरत आलेल्या इगिताला न जुमानता चेंडू जाळ्यात धाडला. सामना २–१ असा संपला.

उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडविरुद्ध तो मध्यंतरानंतर आला तेव्हा कॅमेरून एका गोलने मागे होता. त्याला पाडल्यामुळे पेनल्टी मिळाली आणि कुंडेने बरोबरी साधली. लगेच त्याच्याच पासवर एकेकेने दुसरा गोल केला. विजय सात-आठ मिनिटांवर होता, पण गॅरी लिनेकरने दोन पेनल्टींवर सामना ३–२ असा फिरवला. तरीही स्पर्धेतला सर्वांत मोकळा, निडर खेळ कॅमेरूनचाच होता, असे म्हणायला हरकत नाही. त्या वर्षी मिला पुन्हा आफ्रिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. विश्वचषकात आफ्रिकेला तोवर दोनच जागा होत्या. १९९४ मध्ये त्या तीन झाल्या, आणि या वाढीमागे कॅमेरूनच्या कामगिरीचे मोठे बळ होते.

१९९४ चा अमेरिकेतील विश्वचषक कॅमेरूनसाठी वाईट गेला. रशियाने त्यांना ६–१ ने हरवले. त्यातले पाच गोल एकट्या ओलेग सालेंकोने केले, तर कॅमेरूनचा एकमेव गोल मिलाचा होता. त्या दिवशी त्याचे वय ४२ वर्षे ३९ दिवस होते. पुरुषांच्या विश्वचषकात सर्वाधिक वयात गोल करण्याचा विक्रम त्यामुळे त्याच्या नावावर लागला. सर्वांत वयस्क खेळाडूचा त्याचा विक्रम मात्र २०१४ मध्ये कोलंबियाचा गोलरक्षक फारिद मोंद्रागोन याने मोडला. अखेरची दोन वर्षे इंडोनेशियातील क्लबांकडून खेळून मिला निवृत्त झाला. २००७ मध्ये आफ्रिकी फुटबॉल महासंघाने त्याला मागील पन्नास वर्षांतील सर्वोत्तम आफ्रिकी खेळाडू म्हणून गौरवले.