हातांवर भार नको

13 सप्टेंबर 1948 च्या सकाळी अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावर रोली फ्री नावाचा 47 वर्षांचा स्वार व्हिन्सेंट मोटरसायकल घेऊन उतरला. ताशी 150 मैलांचा आकडा थोडक्यात हुकत होता. अंगातला चामडी पोशाख वाऱ्याने फाटला, तेव्हा त्याने तो काढूनच टाकला. पोहण्याची चड्डी, डोक्याला टोपी आणि उसने घेतलेले बूट एवढ्यावर तो गाडीवर पालथा पडला, पाय मागे सरळ ताणले आणि सुटला. वेग भरला 150.313 मैल, म्हणजे ताशी जवळपास 242 किलोमीटर. इंजिन तेच होतं. स्वाराने वाऱ्याच्या वाटेतून आपलं अंग काढून घेतलं, एवढंच.

स्पोर्ट्स बाईकवरच्या वाकलेल्या बैठकीचं मूळ वाऱ्याशी चाललेल्या या झटापटीत आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट, तिप्पट झाला की नऊपट. म्हणून शर्यतीच्या गाडीचं हँडल खाली आणि फूटरेस्ट वर, मागे. 1950-60 च्या दशकांत ब्रिटनमधल्या पोरांनी रस्त्यावरच्या गाड्यांना शर्यतीची हँडलं लावली आणि ही बैठक ट्रॅकवरून गावात आली. आपल्याकडे 2008 मध्ये यामाहाची आर15 आली, पुढे चाकणमध्ये तयार होणाऱ्या केटीएमच्या आरसी आल्या, आणि कॉलेजच्या पार्किंगमध्ये खाली झुकलेल्या हँडलांची रांग लागली.

अडचण एकच. ट्रॅकच्या वेगासाठी घडलेली बैठक घेऊन आपण हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ताशी पंधराने सरकत असतो. मनगटं दुखतात, करंगळी बधिर होते, मान आखडते. मित्र सांगतात, "होईल सवय." बधिर होण्याची सवय होत नसते. नस दबते म्हणून बोट बधिर होतं, आणि दबलेली नस सोसून सुधारत नाही. विशी-बाविशीतली मुलं हे गाडी शिकण्याचा भाग समजून महिनोन् महिने अंगावर काढतात, ते बघवत नाही.

थोडा ढोबळ हिशेब करू. 70 किलो वजनाच्या माणसाचं डोकं, हात आणि धड मिळून साधारण 47 किलो भरतं. हा भाग खुब्याच्या सांध्यापासून 30 अंश पुढे झुकला, तर त्याला पुढे पडण्यापासून कोणीतरी धरून ठेवावं लागतं. पाठीच्या आणि कुल्ल्यांच्या स्नायूंनी अंग चोरलं आणि सगळं काम हातांवर टाकलं, तर दोन्ही तळहातांवर मिळून बारा-तेरा किलो येतात. म्हणजे प्रत्येक मनगटावर सहा किलोच्या वर, सतत, आणि त्यात प्रत्येक खड्ड्याचा हिसका वेगळा. वर हेल्मेटचा सव्वा-दीड किलो धरलेलाच नाही.

आता यात वारा आणा. सरळ बसलेल्या माणसाच्या छातीवर ताशी 30 किलोमीटरला वाऱ्याचा रेटा दीड-दोन किलोचा असतो, 60 ला सात किलोच्या आसपास, 90 ला पंधराच्या घरात. समोर काच आणि फेअरिंग, म्हणजे गाडीच्या पुढचं वारा कापणारं आवरण, असेल तर कमी. पण दिशा बघा. गुरुत्वाकर्षण धडाला पुढे पाडतं, वारा त्याला मागे उचलतो. ताशी शंभरच्या आसपास वारा छातीचं बरंचसं ओझं आपल्या अंगावर घेतो आणि हात मोकळे होतात. तीच गाडी हायवेवर सुसह्य का वाटते आणि कर्वे रोडच्या सिग्नलांवर नकोशी का होते, याचं उत्तर इथे आहे. यावर उपाय म्हणून जोरात चालवावी, असं मात्र कोणी समजू नये. मंद वेगात वाऱ्याचं काम आपल्या पायांनी आणि पाठीने करायचं असतं. स्पोर्ट्स बाईकवर बसण्याचं सगळं कौशल्य यात आलं.

पायांपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांचे पाय गाडीवर नुसते ठेवलेले असतात. गुडघे टाकीपासून सुटलेले, टाचा लोंबत्या. अशा वेळी शरीर गाडीला दोनच ठिकाणी धरलेलं असतं: सीट आणि हँडल. मांड्यांनी टाकी हलकेच कवेत घेतली आणि चवड्यांवर थोडा भार दिला, की धडाला खालून आधार मिळतो. ब्रेक लावताना हे चांगलं कळतं. ताशी 72 किलोमीटरवरून चार सेकंदांत थांबायचं म्हटलं तर मंदन गुरुत्वाकर्षणाच्या निम्मं होतं, आणि 70 किलोचं शरीर जवळपास 35 किलोच्या जोराने पुढे सरकू बघतं. हा जोर मांड्यांनी टाकीवर पेलला नाही तर तो थेट मनगटांत जातो. ताम्हिणी किंवा वरंधा घाट उतरताना दर वळणाला ब्रेक लागतो, म्हणून चढताना ठीक असलेले हात कोकणात पोचेपर्यंत भरून येतात. टाकी गुळगुळीत असेल तर दोन्ही बाजूंना मिळणारे रबरी ग्रिप पॅड चिकटवावेत. इतक्या कमी पैशांत इतका फरक पाडणारी दुसरी वस्तू माझ्या माहितीत नाही.

यानंतर पाठ. वाकायचे दोन मार्ग आहेत. एकात कमरेचं हाड मागे कलंडतं आणि कणा मधूनच गोल होतो, म्हणजे पोक येतो. दुसऱ्यात कणा होता तसा राहतो आणि सगळं धड खुब्यातून पुढे झुकतं. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, पण आत मणक्यांमधल्या गादीवर वेगळं गुदरत असतं. अल्फ नाखेमसन या स्वीडिश शल्यविशारदाने 1960 च्या दशकात जिवंत माणसांच्या कमरेच्या गादीत सुई घालून दाब मोजला. उभं असताना तो 100 धरला, तर पुढे वाकून बसल्यावर 185 च्या आसपास निघाला. ताठ बसण्याबद्दलच्या त्याच्या आकड्यांवर पुढे वाद झाले. वाकल्यावर दाब वाढतो, हे मात्र 1999 मध्ये जर्मनीत झालेल्या नव्या मोजणीतही टिकलं. त्यात पोक काढलेला असला की गादीची पुढची कड चेपली जाते आणि मागची ताणली जाते. गादी सरकते ती बहुधा मागेच.

खुब्यातून वाकणं घरीच शिकता येतं. एक सरळ काठी पाठीमागे उभी धरावी, अशी की ती डोक्याला, दोन खांद्यांच्या मधे आणि माकडहाडाला टेकेल. आता गुडघे किंचित सैल सोडून कुल्ले मागे नेत वाकायचं. तिन्हीपैकी एका जागेवरून काठी सुटली की समजावं, कणा गोल झाला. पहिल्यांदा बहुतेकांची माकडहाडापासून सुटते. जमू लागलं की तीच हालचाल गाडीवर करायची: आधी सीटवर मागे सरकायचं, टाकी आणि आपल्यामध्ये चार बोटं जागा ठेवायची, मग बेंबी टाकीकडे नेल्यासारखं वाकायचं. नाक हँडलकडे नेलं की पोक आलाच. टाकीला चिकटून बसलेल्याला खुब्यातून वाकायला जागाच उरत नाही.

काहींना एवढं करूनही जमत नाही, आणि दोष त्यांचा नसतो. फूटरेस्ट फार वर असतील तर मांडी आधीच पोटाकडे उचललेली असते. खुब्याची वळण्याची हद्द तिथेच संपते, मग कमरेचं हाड आपसूक मागे कलंडतं आणि पाठ गोल होते. पाठ फूटरेस्टमुळे दुखत असेल, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. उंच माणसाला आणि पोट सुटलेल्याला हा त्रास जास्त. अशांनी थोडे खाली बसणारे फूटरेस्ट मिळतात का बघावं. गाडी वळणात कललेली असताना ते रस्त्याला घासणार नाहीत, याची खात्री मात्र आधी करून घ्यावी.

पुण्या-मुंबईकडच्या रविवारच्या रायडरांसाठी एक गोष्ट खास. रात्री आडवे असताना मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपली उंची एक-दीड सेंटीमीटर जास्त भरते. फुगलेली गादी वाकायला ताठ असते आणि तिच्यावरचा ताण वाढतो. उठल्यानंतरच्या पहिल्या तासात हे पाणी बरंचसं उतरतं. पहाटे साडेचारला उठून पाचला गाडीवर ओणवं होणं म्हणूनच कमरेला सगळ्यात महागात पडतं. तासभर आधी उठा, घरात चाला, चहा घ्या, सामान उभ्यानेच बांधा.

पाय आणि पाठ जागेवर आले की हात आपोआप सैल पडतात, आणि ते सैल पडणं केवळ आरामासाठी नसतं. चालत्या मोटरसायकलचं पुढचं चाक स्वतःला सतत किंचित डावी-उजवीकडे सावरत असतं. स्वाराने कोपरं ताठ करून हँडल आवळलं तर ही सावरण्याची क्रिया अडते, खड्ड्याचा हिसका खांद्यापर्यंत येतो आणि शरीराची हालचाल उलट हँडलमध्ये शिरते. वळतानाही तेच. वेगात डावीकडे वळायचं तर डावं हँडल पुढे ढकलावं लागतं. अंगाचा भार पेलायला दोन्ही हात आधीच ढकलत असतील, तर एकाचं काम दुसरा खोडतो. स्वाराला वाटतं गाडी जड आहे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर हळू वेगात कोपरं वर-खाली हलवून बघावीत. ती सहज हलली आणि गाडी सरळच राहिली, तर भार हातांवर नाही. कोपरं हलवताना छाती खाली कोसळली, तर तो कुठे आहे ते कळलंच.

हँडलच्या उंचीवर पैसे खर्च करण्याआधी ब्रेक-क्लचचे लिव्हर बघा. शोरूममधून गाडी येते तेव्हा ते बहुधा सरासरी माणसाच्या हिशेबाने लावलेले असतात. नेहमीच्या बैठकीत बसून बोटं लिव्हरवर ठेवा आणि कोणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. कोपरापासून बोटांच्या सांध्यांपर्यंत सरळ रेघ दिसायला हवी. हाताची पाठ वर उचललेली आणि मनगट खाली मोडलेलं दिसलं, तर लिव्हरच्या पकडीचे स्क्रू सैल करून तो थोडा खाली फिरवून घ्या. गॅरेजमध्ये हे पाच मिनिटांचं काम. मागचा शॉकअपही तपासावा. तो गरजेपेक्षा कडक केला की गाडीची शेपटी उचलते, सीटचा उतार टाकीकडे वाढतो आणि आपण दर ब्रेकला पुढे घसरत राहतो. हे करूनही भागलं नाही तर हँडल दोन-अडीच सेंटीमीटर वर घेणारे रायझर आहेतच. ते बसवल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून केबल ताणत नाही आणि फेअरिंगला काही लागत नाही ना, हे बघितल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये.

मान उरली. धड झुकलं की समोर बघायला मान मागे मोडावी लागते, आणि साडेचार-पाच किलोचं डोकं हेल्मेटसकट तशा अवस्थेत धरणं मानेच्या मागच्या स्नायूंना झेपत नाही. हनुवटी किंचित आत घेऊन, डोळे वर उचलून बघितलं तर मानेचं निम्मं काम डोळे करतात. त्यासाठी काचेची वरची कड उंच असलेलं हेल्मेट हवं. घेतानाच, दुकानात, खुर्चीवर बसून पुढे झुकून पारखावं.

आणि गाडी अजून घ्यायची असेल, तर फेअरिंग बघून बैठकीचा अंदाज बांधू नका. 2003 ची हिरो होंडाची करिझ्मा अर्ध्या फेअरिंगची होती, तरी तिच्यावर माणूस बराच सरळ बसायचा. आर15 च्या 2018 च्या तिसऱ्या अवतारात सीट 815 मिलिमीटरवर गेली आणि हँडल आणखी खाली आलं. नाव तेच, बैठक वेगळी. टेस्ट राइड मोकळ्या रस्त्यावर घेण्याऐवजी गर्दीत, दुसऱ्या गिअरमध्ये, वीस मिनिटं घ्या. शोरूमवाला कंटाळला तरी घ्या.

आता ज्यांची बोटं आधीच बधिर होत आहेत त्यांच्यासाठी. तळहात वर करून मनगटाच्या घडीवर, करंगळीच्या बाजूला चाचपलं तर मटाराएवढं एक हाड लागतं. त्याच्या शेजारच्या अरुंद वाटेने अल्नार नर्व्ह हातात शिरते. मूठ त्या जागी टेकून अंगाचा भार दिला की ती दबते, आणि करंगळी व तिच्या शेजारचं अर्धं बोट मुंग्यांनी भरतं. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांमध्ये हे दुखणं डॉक्टरांच्या चांगलं ओळखीचं आहे. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर दबते ती मनगटाच्या मधोमध जाणारी मिडियन नर्व्ह, बहुधा मनगट मोडलेलं ठेवल्यामुळे आणि मूठ आवळल्यामुळे. आवळलेल्या मुठीतून इंजिनाचा कंपही जास्त आत येतो. गाडीवरून उतरल्यावर काही मिनिटांत मुंग्या गेल्या तर बैठक सुधारायला वेळ आहे. रात्रीपर्यंत टिकल्या, किंवा शर्टाची बटणं लावताना बोटं चुकू लागली, तर एक कागद अंगठा आणि तर्जनीच्या कडेत धरा आणि दुसऱ्या कोणाला तो ओढायला सांगा. अंगठा सरळ ठेवून कागद धरता यायला हवा. ओढताना अंगठ्याचं टोक आपोआप वाकत असेल, तर अल्नार नर्व्हच्या स्नायूंची ताकद कमी झालेली असण्याची शक्यता आहे. तेव्हा गाडी घरी ठेवा आणि त्याच आठवड्यात हाडांच्या किंवा मज्जातंतूंच्या डॉक्टरांना हात दाखवा.