ग्रानादाची १९२२ ची स्पर्धा आणि मान्युएल दे फायाचं संगीत

‘अग्निनृत्य’ ऐकून मान्युएल दे फाया या स्पॅनिश संगीतकाराकडे वळलेला श्रोता त्याचा १९२६ चा हार्प्सिकॉर्ड (पियानोआधीचं, तारा छेडून वाजणारं वाद्य) कन्चेर्तो लावतो, तेव्हा हे त्याच माणसाचं संगीत आहे हे त्याला पटकन खरं वाटत नाही. या बदलाचा माग काढायचा तर जून १९२२ मध्ये दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादात झालेल्या गायनस्पर्धेच्या दोन रात्रींपाशी थांबावं लागतं.

कादिझमधला जन्म (१८७६), आईकडे पियानोचे पहिले धडे, माद्रिदला पोटासाठी लिहिलेले झार्सुएला (स्पॅनिश संगीतनाटकं), हा भाग बहुतेकांच्या वाचनात असतो. ‘ला विदा ब्रेवे’ या ऑपेराला १९०५ साली माद्रिदच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं, तरी तो रंगमंचावर यायला १९१३ उजाडलं आणि तोही फ्रान्समधल्या नीसमध्ये. फाया तेव्हा पॅरिसमध्ये होता. फ्रेंच संगीतकार देब्युसीच्या सहवासात त्याचा कान घडला आणि पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर तो मायदेशी परतला.

ज्यात ‘अग्निनृत्य’ येतं त्या १९१५ च्या ‘एल आमोर ब्रूहो’ची जन्मकथा पुढच्या वादासाठी महत्त्वाची आहे. एका नामवंत जिप्सी नर्तिकेने त्याच्याकडे गाण्यासह एक नृत्य मागितलं. तिची आई स्वतः जुन्या पिढीतली कलावंत. ती फायाला समोर बसवून सिगिरिया, सोलेआ हे जुने गानप्रकार गाऊन दाखवायची आणि तो टिपून घ्यायचा. ज्या अंदालुसियन, म्हणजे दक्षिण स्पेनच्या, रंगासाठी फाया जगभर ओळखला गेला, तो त्याला असा गाण्या-नाचण्यावर पोट भरणाऱ्या घरातून मिळाला.

१९२० च्या सुमारास तो ग्रानादात स्थायिक झाला. अल्हाम्ब्रा या जुन्या मुस्लिम राजवाड्याच्या टेकडीवर छोटं घर, सोबत बहीण आणि तरुण मित्रांचा गोतावळा. त्यातच कवी लोर्का. कान्ते होन्दो हे अंदालुसियातलं खोल, जुनं गायन कॅफेतल्या करमणुकीत बुडून चाललंय, ही या मंडळींची खंत होती. त्यातून स्पर्धा भरवायचं ठरलं. नगरपालिकेने खर्चाला हातभार लावला आणि त्यावरून स्थानिक वर्तमानपत्रांत वादही पेटला. फायाने नाव न घालता एक पुस्तिका लिहिली. या गायनाची मुळं बायझंटाइन चर्चसंगीत, अरबांचा काळ आणि जिप्सींचं आगमन या तिन्हींत आहेत, असं त्याने मांडलं. पाश्चात्त्य स्वरपट्टीत न बसणारे बारीक स्वर, सहा स्वरांच्या आत फिरणारी चाल, एकाच स्वरावर पुन्हापुन्हा येणं या खुणा सांगताना भारतीय गायनाशी असलेलं साम्यही त्याने नोंदवलं. आपल्याकडच्या वाचकाने ती पानं जरूर वाचावीत. इतक्या बारकाईने कान लावणारा युरोपियन संगीतकार त्या काळी क्वचितच भेटतो.

वाद झाला तो नियमावरून. एकवीस वर्षांवरच्या व्यावसायिक गायकांना स्पर्धेत भाग घेता येणार नव्हता. शिवाय सिगिरियासारखे जुने प्रकार तेवढे ‘होन्दो’, आणि मालागेन्या, ग्रानादिनासारखे नंतरचे प्रकार ‘फ्लॅमेन्को’ म्हणून बाहेर. खरा गळा खेड्यापाड्यांत, शेतात, लोहाराच्या भट्टीपाशी सापडेल आणि पैशासाठी गाणाऱ्यांनी तो बिघडवला आहे, ही त्यामागची श्रद्धा.

या नियमाच्या बाजूने आजही बोललं जातं. व्यावसायिकांना मुभा दिली असती तर ठरलेली नावंच जिंकली असती आणि शोधाला अर्थच उरला नसता, असं म्हणतात. मला ते पटत नाही. हे अवघड गायन पिढ्यान्‌पिढ्या जपलं ते व्यावसायिक घराण्यांनी. फायाला हे कोणी सांगायला नको होतं, त्याने स्वतः १९१५ साली तिथूनच घेतलं होतं. आणि परीक्षकांचा प्रमुख कोण? आन्तोनियो चाकोन, त्या काळचा सर्वांत नावाजलेला व्यावसायिक गायक. ज्यांच्या कानावर निकाल सोपवला, त्यांच्याच पेशाला दार बंद!

१३ आणि १४ जूनला अल्हाम्ब्राच्या आवारातल्या चौकात गर्दी लोटली. दुसऱ्या रात्री पाऊस आला तरी लोक हलले नाहीत. मोठी बक्षिसं दोघांना मिळाली. एक एल तेनासास हा वृद्ध गायक. त्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि आजही ऐकता येतात. कापऱ्या आवाजातली ती सरळ, अलंकार टाळणारी सिगिरिया ऐकली की आयोजकांना काय हवं होतं ते लगेच कळतं. दुसरा बारा वर्षांचा मुलगा, मानोलो काराकोल. तो जुन्या फ्लॅमेन्को घराण्यातला. वय एकवीसच्या आत असल्याने तो नियमात बसला आणि पुढे आयुष्यभर व्यावसायिक रंगमंच गाजवत राहिला. खेड्यातला अज्ञात गळा शोधायला निघालेल्या स्पर्धेला घराण्यातलाच गळा सापडला.

यानंतर फायाच्या रचनांतून अंदालुसिया ओसरत गेला. केवळ स्पर्धेच्या निराशेने तसं झालं, असं म्हणणं घाईचं ठरेल. १९२३ साली आलेला ‘मायसे पेद्रोचा रेताब्लो’ हा कठपुतळ्यांचा ऑपेरा त्याच्याकडे १९१८ मध्येच मागितला गेला होता, आणि त्यात अंदालुसियाचं नव्हे, तर मध्य स्पेनमधलं जुनं कास्तिलियन संगीत आहेच. पण आधीचं, अस्सल, भेसळ नसलेलं शोधण्याची जी ओढ स्पर्धेच्या नियमात चुकीच्या जागी लागली, तीच स्वतःच्या लेखनात त्याने सत्कारणी लावली. कन्चेर्तोत हार्प्सिकॉर्डसोबत फक्त पाच वाद्यं: बासरी, ओबो, क्लॅरिनेट, व्हायोलिन आणि चेलो. पहिल्या भागाच्या मुळाशी सोळाव्या शतकातलं एक स्पॅनिश गाणं आहे, तेही तुकड्यातुकड्यांनी, खरखरीत सुरांत विखुरलेलं. बार्सेलोनातल्या पहिल्या प्रयोगाला थंड प्रतिसाद मिळाला. माझ्या मते त्याची सर्वांत मोठी रचना हीच.

त्यानंतर लिहून पूर्ण झालेलं फारच थोडं. ऑगस्ट १९३६ मध्ये लोर्काची हत्या झाली. १९३९ मध्ये फाया अर्जेंटिनाला गेला, आणि तिथेच १९४६ मध्ये वारला. दोन दशकं हाताशी असलेला ‘आत्लान्तिदा’ अपुरा राहिला. कातालान महाकाव्यावरची ही रचना त्याच्या शिष्याने पुरी केली आणि ती १९६१ साली बार्सेलोनात पहिल्यांदा ऐकायला मिळाली. तिच्यात फाया किती आणि शिष्य किती, हा वाद अजून चालू आहे.