उजनीतली जाळी आणि आसाचा वाद

भीमेवरच्या उजनी जलाशयात लहान आसाच्या (आस म्हणजे जाळ्याचे एक छिद्र) जाळ्यांवर बंदी असावी की नसावी, हा वाद करमाळा, माढा, इंदापूरच्या काठांवर पुन्हा पुन्हा पेटतो. तो समजायला धरणानंतरची चाळीस-पंचेचाळीस वर्षे पाहावी लागतात.

त्याआधीची मासेमारी नदीची होती. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य दरबारात रचलेल्या मानसोल्लासात गळाने मासे धरण्याचे सविस्तर वर्णन आहे, आणि ते कल्याण म्हणजे आजचे बसवकल्याण, सोलापूरपासून फार लांब नाही. उन्हाळ्यात भीमा डोहांपुरती उरायची. त्या डोहांना गळ, कामट्यांचे सापळे आणि हाताने फेकायचे भिरजाळे पुरायचे. भिरजाळ्याच्या कडेची शिशाची वजने एकदम तळाला जातात आणि घेरातला मासा अडकतो. सुताची, तागाची जाळी रोज वाळवावी लागत, नाहीतर कुजत.

1980 मध्ये धरण पूर्ण झाले आणि बाभळी, विहिरी, गावांच्या भिंती पाण्याखाली गेल्या. अशा तळावरून मोठे ओढजाळे ओढले की ते फाटते. म्हणून खोल पाण्यात उभे जाळे रुळले. ते भिंतीसारखे पाण्यात टांगलेले असते. मासा डोके घालतो, पुढे जाता येत नाही, मागे सरकताना कल्ल्यांत धागा अडकतो. फार लहान मासा आरपार जातो, फार मोठ्याचे डोके शिरतच नाही. आस केवढा, त्यावर कोणता मासा मिळणार हे ठरते. नायलॉन आणि पुढे पातळ तंगूस (एकपदरी पारदर्शक धागा) आल्यावर ही जाळी स्वस्त झाली, पाण्यात दिसेनाशी झाली आणि कुजेनाशीही झाली.

आता बंदीचा मुद्दा. कटला, रोहू, मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा प्रजनन करत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. 1957 मध्ये ओडिशात संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन प्रेरित प्रजनन साधले, तेव्हापासून बीज तयार करून जलाशयात सोडणे शक्य झाले. ही बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्ले, काठाच्या उथळ पाण्यात वाढते, आणि वडाप नावाचे ओढायचे जाळे तिथेच ओढले जाते. बारीक आसाच्या त्या जाळ्यातून काहीच सुटत नाही. सरकारी पैशाने सोडलेले बीज किलोच्या भावात विकले जाते, हा संताप रास्त आहे.

पण विरोध करणाऱ्यांचेही खरे आहे. 1952 साली भारतात आणलेली चिलापी (तिलापिया) आज उजनीची रोजची मासळी आहे. ती साचलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा प्रजनन करते, मादी अंडी तोंडात सांभाळते, आणि दाटी झाली की लहानच राहते. कटल्यासाठी ठरवलेला आस लावला तर चिलापी आरपार निघून जाते. ज्याच्याकडे एक होडी आणि चार जाळी आहेत त्याचा त्या दिवसाचा बाजार बुडतो. त्यात मापाचा घोळ आहे. कोणी गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंत मोजतो, कोणी आस ताणून समोरासमोरच्या गाठींत. दुसरे माप पहिल्याच्या दुप्पट भरते. कारवाईच्या वेळी दोन्ही बाजू एकाच जाळ्याला वेगळे आकडे सांगतात आणि भांडण काठावरच सुरू होते.

माझ्या मते केवळ आसावर बोट ठेवणे चुकीचे आहे. चिलापीसाठी खोल पाण्यात लावलेले मध्यम आसाचे उभे जाळे आणि काठ खरवडणारा वडाप यांना एकाच नियमात बसवले, म्हणून प्रामाणिक मासेमारही बंदीच्या विरोधात गेले. सुरुंग आणि विषाबाबत असे झाले नाही, कारण 1897 च्या कायद्याने ती पद्धतच गुन्हा ठरवली होती. तिथे इंच मोजायचा प्रश्नच नव्हता. वडापालाही तसेच नावानिशी थांबवायला हवे, निदान बोटुकली सोडल्यापासून ती आसात अडकण्याएवढी होईपर्यंत. उन्हाळ्यात पाणी मृतसाठ्याखाली उतरते, सगळी मासळी उरलेल्या पाण्यात दाटते, तेव्हाही ही मनाई तितकीच कडक लागेल.