रानवाटा आणि गुरुदीक्षा : ख्रिस्ती धर्मगुरूंच्या एका जुन्या पात्रतेची पार्श्वभूमी

१२१५ साली रोममध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या धर्माधिकाऱ्यांच्या सभेने, धर्मगुरूंना शिकारीची बंदी केली. त्यासाठी कुत्रे आणि पक्षी पाळायचे नाहीत, असंही त्याच कलमात बजावलं. त्या काळी आल्प्समधल्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत, सुमारे २,४७० मीटर उंचीवर, धर्मगुरूंचा एक संघ बर्फात अडकलेल्या वाटसरूंना आसरा देत होता. आओस्ताचे बर्नार्ड यांनी अकराव्या शतकात तिथे धर्मशाळा उभारली होती. तिच्या नावाने ओळखले जाणारे थोराड कुत्रे बऱ्याच शतकांनंतरचे. मौजेसाठी रानात जाणारा धर्मगुरू चर्चला खटकला आणि माणसापर्यंत पोचण्यासाठी जाणारा हवासा वाटला. पुढच्या आठशे वर्षांत हा भेद कधी ठळक झाला, कधी पुसट, पण तो मनात धरल्याशिवाय धर्मगुरूंच्या रानविद्येचा, म्हणजे रानात, डोंगरात आणि बर्फात वावरण्याच्या कसबाचा, इतिहास नीट लागत नाही.

युरोपातल्या बहुतेक गावांत पाळकाला फार चालावंही लागत नसे. चर्चच्या घंटेचा आवाज जाईल तेवढाच त्याचा धर्मग्राम. प्रश्न उभा राहिला तो अमेरिकेत. वस्त्या विखुरलेल्या, रस्ते नाहीत, नद्यांवर पूल नाहीत. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाने यावर उपाय काढला तो घोड्यावरच्या फिरत्या प्रचारकाचा. एकेकाला शेकडो मैलांची फेरी नेमून दिलेली असे. ती पुरी व्हायला कित्येक आठवडे लागत आणि संपली की पुन्हा पहिल्या वस्तीपासून सुरुवात. खोगिराच्या पिशवीत बायबल, गीतांचं पुस्तक आणि अंगावर बदलायला एखादा कपडा.

या व्यवस्थेचे प्रमुख फ्रान्सिस ॲस्बरी तरुणपणी इंग्लंडमध्ये लोहारकाम शिकलेले. १७७१ मध्ये ते अमेरिकेत आले आणि १८१६ मध्ये वारले, तोवर फिरतच राहिले. त्यांचा एकूण प्रवास चार लाख किलोमीटरच्या वर गेला असावा, असा अंदाज केला जातो. ॲपलाचियन पर्वत त्यांनी पन्नासहून अधिक वेळा ओलांडला. वॉशिंग्टनमधला त्यांचा पुतळाही घोड्यावरच आहे. वादळी दिवशी लोक म्हणत, आज बाहेर कोण असणार, कावळे आणि मेथडिस्ट प्रचारक! पीटर कार्टराइट या प्रचारकाने आठवणींत लिहून ठेवलं आहे की त्यांच्यातला एखादा देवाची हाक आल्यावर कॉलेज शोधत बसत नसे, तो दणकट तट्टू शोधी. मला यात विद्येची हेटाळणी दिसत नाही. मरणाऱ्या माणसापाशी वेळेत पोचता आलं नाही, तर उत्तम प्रवचनाचा त्याला काय उपयोग, हा सरळ हिशेब आहे. या हिशेबाची किंमतही मोठी होती. ओल, ताप आणि थकवा यांनी कितीतरी प्रचारक तिशीच्या आतच गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये वारं बदललं. बळकट शरीर हेही ख्रिस्ती सद्गुणाचं अंग आहे, असं मानणारी ‘मस्क्युलर क्रिश्चॅनिटी’ विद्यापीठांत आणि शाळांत पसरली. सुट्टीत आल्प्स चढणारे पाळक ही तिथे नेहमीची गोष्ट झाली. त्यांच्यातले नामांकित गिर्यारोहक रेव्हरंड चार्ल्स हडसन १४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्नच्या पहिल्या चढाईत शिखरावर पोचले आणि उतरताना तिघा सोबत्यांसह कोसळून गेले. हीच हवा अंगी घेऊन केंब्रिजचे सेसिल टिंडेल-बिस्को १८९० मध्ये श्रीनगरच्या मिशन शाळेत आले. वल्हं मारणं हलक्या जातीचं काम मानणाऱ्या ब्राह्मण मुलांना त्यांनी होडीत बसवलं. पुढे पूर आला की तीच मुलं होड्या घेऊन लोकांना वाचवायला जात.

आपल्याकडची तऱ्हा निराळी. अहमदनगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनचे पाळक गावोगाव दौरे करत. त्यांच्यातले सॅम्युअल फेअरबँक पक्षी आणि गोगलगायी टिपत राहिले. दक्षिणेतल्या डोंगरात राहणाऱ्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही त्यांचं नाव आहे.

अलास्कात मात्र रानविद्या पुन्हा पोटापाण्याइतकी निकडीची झाली. हडसन स्टक १९०४ मध्ये तिथे आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचे वरिष्ठ धर्मगुरू, म्हणून गेले. हिवाळ्यात कुत्र्यांची स्लेज, उन्हाळ्यात नदीतली होडी, असा त्यांचा कारभार. ७ जून १९१३ रोजी त्यांच्या चौघांच्या तुकडीने उत्तर अमेरिकेतलं सर्वांत उंच शिखर पहिल्यांदा सर केलं. पन्नाशीला टेकलेल्या स्टक यांची शेवटच्या टप्प्यात दमछाक झाली होती. माथ्यावर पहिलं पाऊल पडलं ते वॉल्टर हार्पर या विशीतल्या तरुणाचं. त्याची आई तिथल्याच अथाबास्कन समाजातली. वर पोचल्यावर सगळ्यांनी स्तुतिप्रार्थना म्हटली. स्टक यांनी शिखराचं मूळ ‘डेनाली’ हे नाव परत द्यावं, असा आग्रह लिहून ठेवला. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. मिशनऱ्यांच्या साहसकथांत वाट दाखवणारी माणसं बहुधा बिननावाची राहतात. बर्फात जगण्याची विद्या मुळात तिथल्या लोकांची, धर्मगुरू हा तिचा विद्यार्थी. स्टक यांनी हे मोकळेपणाने मान्य केलं.

कॅथलिक जगात १९२२ साली एक खरा गिर्यारोहकच पोप झाला. पायस अकरावे, म्हणजे पूर्वीचे फादर आकिल्ले रात्ती, यांनी १८८९ मध्ये मोंते रोझाची अवघड पूर्वभिंत चढताना एक रात्र उघड्या कड्यावर काढली होती. १९२३ मध्ये त्यांनी संत बर्नार्डना गिर्यारोहकांचे आश्रयदाते ठरवलं. पुढच्या दशकात तिबेटच्या सीमेवरच्या मिशनला उंची आणि बर्फ अंगवळणी पडलेली माणसं हवी होती, तेव्हा निवड झाली ती बर्नार्डच्या खिंडीतल्या धर्मगुरूंचीच. मेकाँग आणि साल्वीन या नद्यांच्या मधल्या खिंडीत त्यांनी तशीच धर्मशाळा बांधायला घेतली. ती अपुरी राहिली. त्यांच्यातले १९३६ मध्ये तिकडे गेलेले मॉरिस तॉर्ने १९४९ च्या ऑगस्टमध्ये वाटेत मारले गेले.

कम्युनिस्ट पोलंडमध्ये याच विद्येचा उपयोग आडोशासारखा झाला. तरुणांचे धार्मिक गट चालवायला धर्मगुरूंना मनाई होती. म्हणून फादर कारोल वोइतिवा, म्हणजे पुढचे पोप जॉन पॉल दुसरे, साध्या कपड्यांत मुलामुलींना डोंगरात आणि नद्यांवर नेत. मुलं त्यांना ‘वुयेक’, म्हणजे मामा, अशी हाक मारत. उलटी ठेवलेली होडी ही मिस्साची, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेची, वेदी. जुलै १९५८ मध्ये ते अशाच नौकासहलीवर असताना त्यांना वॉर्सातून बोलावणं आलं. तिथे कळलं की त्यांना क्राकुवचे सहायक बिशप नेमलं आहे. त्यांनी नेमणूक स्वीकारली आणि ते पुन्हा आपल्या मुलांकडे नदीवर गेले.