लिनक्स सर्व्हरवर अपडेट लावण्याआधी हे वाचा

(देखभाल करारातल्या ग्राहकांसाठी)

रात्री अपडेट टाकलं आणि सकाळी सर्व्हर उठलाच नाही, की पहिला संशय हार्ड डिस्कवर जातो. बऱ्याचदा डिस्क धडधाकट असते. बिनसलेलं असतं ते प्रोसेसर, कर्नल (हार्डवेअर हाताळणारा लिनक्सचा गाभा) आणि सिस्टीम लायब्ररी (सगळे प्रोग्राम वापरतात तो सामाईक कोड) या तिघांचं.

लिनक्सवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम कर्नलशी बोलतो तो जीलिबसी या लायब्ररीमार्फत. किमान कोणता कर्नल लागेल, हे ती तयार होतानाच ठरलेलं असतं. २०१७ सालच्या २.२६ आवृत्तीपासून ही अट कर्नल ३.२ ची आहे. सेंटओएस ६ या जुन्या लिनक्स प्रणालीचा कर्नल २.६.३२, म्हणजे तिथे नवी लायब्ररी टाकली तर ‘फेटल: कर्नल टू ओल्ड’ (कर्नल फार जुना) एवढंच उत्तर मिळतं. उलट बाजूने अडचण क्वचितच येते, कारण नवा कर्नल जुन्या लायब्ररीला सहसा सांभाळून घेतो. म्हणून कर्नल आधी, लायब्ररी नंतर.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. एखादं सॉफ्टवेअर ‘जीलिबसी २.२८ हवं’ म्हणालं, म्हणून दुसऱ्या मशीनवरची फाइल उचलून सेंटओएस ७ वर टाकू नका. तिथली लायब्ररी २.१७ ची आहे आणि तिचा लोडरही (प्रोग्राम सुरू करताना लायब्ररी जोडणारा भाग) त्याच आवृत्तीचा. एकच फाइल बदलली की फाइल बघायची, हलवायची, पुसायची साधी कमांडसुद्धा चालत नाही. तसं झालंच, तर उघडी असलेली टर्मिनलची खिडकी बंद करू नका, मशीन रीस्टार्ट करू नका, आधी फोन करा. त्या खिडकीतून काहीतरी करता येतं. ती गेली की पेन ड्राइव्ह घेऊन यावं लागतं.

आता प्रोसेसर. २०२० मध्ये इंटेल-एएमडी प्रोसेसरांच्या क्षमतेचे टप्पे ठरले: व्ही२, व्ही३, व्ही४. जीलिबसी २.३३ पासून एकाच लायब्ररीच्या वेगवेगळ्या टप्प्यांसाठी बनवलेल्या प्रती शेजारी शेजारी ठेवता येतात आणि लोडर झेपेल तीच उचलतो. यात धोका नाही. धोका असतो तो अख्खी सिस्टीमच वरच्या टप्प्यासाठी बांधलेली असते तेव्हा. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ ला व्ही२ लागतं, १० ला व्ही३, म्हणजे एव्हीएक्स२ (एका वेळी अनेक आकडे हाताळणाऱ्या सूचना) असलेला प्रोसेसर. सेकंडहँड सर्व्हर घेताना इथेच फसगत होते: इंटेलच्या झिऑन ई५ या सर्व्हर प्रोसेसरच्या नावातल्या ‘व्ही२’ चा या टप्प्यांशी काही संबंध नाही आणि ‘ई५ व्ही२’ मध्ये एव्हीएक्स२ नाही. रेड हॅट १० त्यावर चालणार नाही. अल्मालिनक्स १० या रेड हॅटशी जुळणाऱ्या प्रणालीची व्ही२ साठी वेगळी प्रत मिळते. जुन्या मशीनवर आम्ही तीच सुचवतो.

प्रोसेसरमध्ये सोय असून भागत नाही, कर्नलनेही ती चालू करावी लागते. एव्हीएक्सची रजिस्टरं (प्रोसेसरमधल्या तात्पुरत्या साठवणीच्या जागा) प्रोग्राम बदलताना जपून ठेवणं हे कर्नलचं काम. लिनक्सला ते २.६.३० पासून येतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये आणखी एक पडदा असतो. सीपीयूचा प्रकार ‘केव्हीएम६४’ ठेवला असेल, तर खालचा प्रोसेसर कितीही नवा असो, आतल्या रॉकी किंवा अल्मा लिनक्स ९ ला तो जुनाच दिसतो. ‘सीपीयू डझ नॉट सपोर्ट एक्स८६-६४-व्ही२’ अशी ओळ येते आणि पाठोपाठ कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नल जागच्या जागी थांबतो. मशीन बंद करून प्रकार ‘होस्ट’ (खालचा खरा प्रोसेसर जसाच्या तसा दाखवणारा) केला की काम होतं. पण चालू मशीन वेगळ्या प्रोसेसरच्या सर्व्हरवर हलवायचं असेल, तर ‘होस्ट’ ठेवण्याआधी आम्हाला विचारा.

कंटेनर (प्रोग्राम आणि त्याच्या लायब्ररी एकत्र बांधलेली पेटी) वापरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं: आतली लायब्ररी तुमची, कर्नल मात्र होस्टचा, म्हणजे तो चालवणाऱ्या मशीनचा. जीलिबसी २.३४ नवा थ्रेड (प्रोग्राममधलं समांतर काम) उघडताना कर्नलला ‘क्लोन३’ ही हाक घालते. जुन्या कर्नलने ‘ही हाक माझ्याकडे नाही’ म्हटलं, तर ती निमूट जुन्या पद्धतीवर येते. पण कंटेनर चालवणारा डॉकर २०.१०.१० च्या आधीचा असेल, तर त्याची सुरक्षेची चाळणी ‘परवानगी नाही’ असं उत्तर देत असे. लायब्ररीने ते खरं मानलं आणि उबुंटू २२.०४ चे कंटेनर थ्रेड उघडता येत नाही म्हणून कोलमडू लागले. उपाय डॉकर अद्ययावत करण्याचा आहे. ही सुरक्षेची चाळणीच बंद करायचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नका.

अपडेटसाठी वेळ मागताना चालू कर्नलची आवृत्ती, जीलिबसीची आवृत्ती, प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि मशीन खरं की व्हर्च्युअल, एवढं व्हॉट्सॲपवर कळवा. स्क्रीनचा फोटो चालेल. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही सिस्टीम लायब्ररीला हात लावत नाही. त्यासाठी कृपया आग्रह धरू नये.